उजेडात बघू

गेल्या श्रावणातली गोष्ट. गौरी-गणपतीला तीन आठवडे होते आणि आमच्या बेळगावातल्या वडगावच्या मावशींचा फोन आला, "तुझा तो मोठा कॅमेरा घेऊन ये की गं एकदा, साड्यांचं फोटो काढायचं हाय." मावशी नात्यातल्या नव्हेत. लग्नाआधी आई ज्या घरी कांड्या भरायला जायची त्या घरातली तिची ही मैत्रीण, पण आम्ही लहानपणापासून मावशीच म्हणतो. घराच्या मागं चार पॉवरलूम आहेत, मुलगा बघतो, आणि दोन-तीन वर्षं झाली, व्यापाऱ्याकडं माल जातोच पण थोड्या साड्या व्हॉट्सॲपवरून थेट पण जातात, पुण्याला, सांगलीला, अगदी ठाण्याला. मी गेले, भर पावसात, कॅमेरा दोन प्लॅस्टिक पिशव्यांत गुंडाळून, आणि दुपारभर बसून चौदा साड्यांचे फोटो काढले. मनापासून काढले. त्यात एक आमसुली होती. आमसुली आपलं म्हणायचं, पण ताणा, म्हणजे उभे धागे, काळपट लाल आणि बाणा, म्हणजे आडवे, गर्द निळा, धूपछाव, त्यामुळं घडी जरा हलली की कधी आमसूल दिसायचं तर कधी पिकलेलं जांभूळ. चौदांत मला तिचा फोटो सगळ्यात आवडला होता. पुण्याच्या एका बाईंनी नेमकी तीच मागवली आणि आठ-नऊ दिवसांत परत पाठवली. फोटोत निळी होती, ही तर तांबडी आहे, एवढंच कारण. तोवर गौरी तोंडावर आलेल्या, ती साडी काही मग त्या सणात गेली नाही.

मावशींनी साडी पिशवीतून काढली आणि दारात गेल्या. एका हातात साडीची घडी, दुसऱ्या हातात मोबाईल, त्यात माझा फोटो, दोन्ही शेजारी-शेजारी धरून बराच वेळ बघत राहिल्या. आत मागांचा आवाज चालूच होता, त्या आवाजात नुसतं उभं राहायला मला कसंतरी व्हायला लागलं. मग म्हणाल्या, "फोटो लै छान आलाय गं. पण ही माझी साडी न्हवं."

रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन मी ती फाईल पुन्हा उघडली. माझा कॅमेरा जुनाच आहे, २०१७ साली सेकंडहँड घेतलेला, उजेड टिपणारा सेन्सर जरा लहान असलेला (क्रॉप सेन्सरचा) डीएसएलआर, त्याच्यासोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स, आणि नंतर पैसे साठवून घेतलेली ५० एमएम एफ १.८. फाऊंड्रीत अकाउंट्स बघणाऱ्या माणसाला एवढं पुष्कळ आहे. रोज दुपारी उद्यमबागेत आकड्यांत डोकं घातलं की रविवारी कधी एकदा कॅमेरा घेऊन बाहेर पडते असं होतं, राजहंसगड, जांबोटीची वाट, कुठंही. एक्स्पोजर मला येतं, फोकस येतो, असं मी धरून चालले होते. फोटो खरंच शार्प होता, एकेक धागा मोजता येत होता. चूक धाग्यात नव्हतीच. चूक शोधायला मी दुसऱ्या रविवारी परत त्या खोलीत जाऊन उभी राहिले, कॅमेरा न घेता, आणि तेव्हा वर बघितलं. डोक्यावर दोन जुन्या ट्यूब. मागावर वायरनं लोंबकळणारा एलईडी बल्ब. आणि डाव्या हाताला अंगणाचं दार, ज्या दारातल्या उजेडासाठी मी मुद्दाम साड्या तिकडं सरकवल्या होत्या. त्या अंगणावर जूनपासून निळी ताडपत्री ताणून बांधलेली. आपल्याकडं पावसाळ्यात कुठल्या अंगणावर नसते? आभाळाचा सगळा उजेड त्या ताडपत्रीतून गाळून आत येत होता, चुन्याची भिंत निळी, फरशी निळी, साडी निळी. मी त्या उजेडात तीन तास बसले होते आणि मला तो निळेपणा एकदाही दिसला नव्हता.

कसा दिसणार? डोळा फार समजूतदार असतो. समईच्या उजेडात पांढरा भात आपल्याला पांढराच दिसतो, ट्यूबखाली पण पांढरा आणि पावसाळी दुपारी पण पांढराच, मेंदू आतल्या आत हिशेब जुळवून घेतो. कॅमेऱ्याला हे ज्ञान नाही, त्याला सांगावं लागतं, तेच ते व्हाईट बॅलन्स. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, समईची वात साधारण १९००, जुना पिवळा बल्ब २८००, दुपारचं ऊन ५५००, भरून आलेलं आभाळ ६५००, आणि सावलीत गेलं की सात-आठ हजार. आकडा वाढत जाईल तसा उजेड निळा होत जातो. ऑटोवर ठेवलं की कॅमेरा आपला अंदाज बांधतो आणि एका तऱ्हेचा उजेड असेल तर बऱ्याचदा बरोबरही बांधतो, पण ट्यूब एकीकडून, एलईडी दुसरीकडून आणि निळी ताडपत्री तिसरीकडून असं झालं की त्यानं कुणाचं ऐकायचं? त्यानं ट्यूबचा हिरवटपणा काढला आणि ताडपत्री तशीच ठेवली. बरं, मी फोटो तपासला कुठं, तर त्याच खोलीत, कॅमेऱ्याच्या मागच्या तीन इंची पडद्यावर, त्याच निळ्याला सरावलेल्या डोळ्यांनी.

हे सगळं कळत असताना मला राहून राहून खडे बाजार आठवत होता. लहानपणी दिवाळीच्या आधी आईबरोबर साडी घ्यायला जायचं म्हणजे अर्धा दिवस. पांढऱ्या गाद्यांवर बसायचं, नव्या कापडाचा तो खळीचा वास, दुकानदार एकेक घडी फडाफड उलगडत जाणार, ट्यूबांचा नुसता लखलखाट, आणि सगळं बघून झाल्यावर, किंमत पण झाल्यावर, आई ठरलेलं वाक्य म्हणायची, "जरा उजेडात बघू." मला तेव्हा कळायचं नाही, एवढ्या उजेडात बसून ही अजून कुठला उजेड मागते. दुकानातला पोरगा साडी खांद्यावर टाकून पायरीपर्यंत यायचा, आई रस्त्याच्या कडेला उभी राहून पदर उन्हात धरायची, उलटा करायची, सुलटा करायची, मागून सायकली, रिक्षा, हातगाड्या चाललेल्या, आणि कितीतरी वेळा ती मान हलवायची, नको, ही नको. ब्लाऊजपीसचं पण तसंच, मॅचिंगच्या दुकानात ट्यूबखाली साडी आणि पीस एकजीव वाटायचं आणि पायरीवर आणलं की एक विटकरी आणि एक डाळिंबी. दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्या उजेडात फाटतात, याला मेटॅमेरिझम म्हणतात, हा शब्द मी अलीकडं वाचला. आईला शब्द माहीत नाही, पण फसलेली मात्र मी तिला कधी बघितली नाही. आता तर दुकानात एलईडी आलेत, त्यांच्या खोक्यावर सीआरआयचा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतील त्याचा, आकडा असतो शंभरापैकी, पण तो आठ मवाळ रंगांच्या सरासरीवर काढतात आणि गडद लाल त्यात धरतच नाहीत. त्यामुळं ऐंशीचा बल्ब कागदावर चांगला असतो आणि त्याच्याखाली कुंकू मातकट दिसतं. जी बाई म्हणते जरा बाहेर उजेडात दाखवा, ती बरोबरच म्हणते.

आणि रंगांची नावं तरी किती आहेत आपल्याकडं. आमसुली, अंजिरी, डाळिंबी, वांगी, गुलबक्षी, अबोली, मोतिया, शेवाळी, मोरपंखी, चिंतामणी. मावशींकडं याच्यात आणखी भर, कारण रंगाऱ्याशी त्या कानडीत बोलतात. रेशमाची लड ओली असतानाच दारात धरायची, मान तिरकी करायची, "स्वल्प कप्पु हाक्री", थोडा काळा टाका, की तो परत जाऊन थोडा काळा टाकून आणणार. जांभळ्याला कधी जांभळा म्हणतात, कधी नेरळे, आणि मला तर वाटतं त्या दोन शब्दांत त्यांच्या डोळ्यांपुढं दोन वेगळे रंग येतात, एक फळाच्या सालीचा आणि एक जिभेवर उरलेला. कॅमेऱ्याकडं मात्र तीनच. खरं तर तेही नाहीत, सेन्सरला रंग दिसतच नाही, त्याला फक्त उजेड किती पडला एवढं कळतं. म्हणून प्रत्येक बिंदूवर एक बारीकशी रंगीत गाळणी बसवलेली असते, चारांत दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची ही मांडणी, १९७६ साली त्याचं पेटंट मिळालं, आणि आजही आपल्या बहुतेक कॅमेऱ्यांत आणि मोबाईलमध्ये तीच किंवा तिचीच भावंडं आहेत. म्हणजे फोटोतल्या प्रत्येक बिंदूवर एकच रंग मोजलेला असतो, बाकीचे दोन शेजारच्या बिंदूंना विचारून भरलेले. हे वाचलं त्या दिवशी मी मावशींची ती आमसुली साडी मांडीवर घेऊन नुसती बघत बसले होते. एक धागा लाल, एक निळा, एक लाल, एक निळा, आणि लांबून बघितलं की मध्येच कुठंतरी आमसूल. हे काम विणकर कधीपासून करतायत.

पहिला रंगीत फोटो कापडाचाच होता हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ च्या मे महिन्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तो पडद्यावर दाखवला, चौकड्याच्या कापडी फितीचा, लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून तीन वेगवेगळे फोटो काढून, मग त्याच तीन रंगांच्या उजेडात ते एकावर एक पाडून. काढले होते थॉमस सटन यांनी. आता त्यातली खुबी अशी की त्या काळच्या काचेवरच्या रसायनाला लाल रंग कळतच नसे, मग लाल उतरला कसा? याचं उत्तर शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये सापडलं, त्या फितीतला लाल रंग डोळ्याला न दिसणारा अतिनील उजेडही परत टाकत होता आणि लाल गाळणीतून तो पण आत शिरला होता. म्हणजे लालच्या जागी लाल दिसला, पण तो लालमुळं नव्हे. मी हे दोन-तीनदा वाचलं. मावशींच्या साडीचं दुःख थोडं हलकं झालं असं नाही म्हणणार, पण आपण एकट्या नाही असं वाटलं.

आमच्या घरात तर हे भांडण माझ्या जन्माआधीपासूनचं आहे. आईचं लग्न १९७४ सालचं, शहापुरातच, लग्नाचे फोटो बरोबर बारा, कारण १२० च्या रोलात चौकोनी फोटो बाराच बसायचे आणि फोटोग्राफरला सांगितलंच होतं की एक रोल. सगळे काळे-पांढरे. त्यात आई शालूत नाही, आजीनं मागावरून विणून घेतलेल्या काठापदराच्या नऊवारीत आहे, आणि ती साडी कुठल्या रंगाची होती यावर आई आणि आत्याचं आजतागायत एकमत नाही. आई म्हणते गुलबक्षी. आत्या म्हणते डाळिंबी, मी नेसवलीय तिला, मला माहीत. फोटोत बघायला जावं तर मधली करडी छटा, लाल घ्या, हिरवा घ्या, त्या फिल्मवर दोन्ही जवळजवळ सारखेच उतरायचे. आजोबांनी त्यातला एक मोठा करून स्टुडिओत हातानं रंगवून घेतला होता, तो सोप्यात अजून आहे, त्यात साडी भडक तांबडी आहे, ओठ पण त्याच ब्रशनं. रंगवणाऱ्यानं साडी बघितलीच नव्हती, नवरी म्हटल्यावर तांबडी एवढंच त्याला माहीत. आणि नंतरचे, माझ्या लहानपणीचे रंगीत फोटो, ते तर सगळेच हळूहळू लाल होत चाललेत, त्या जुन्या प्रिंटांतला निळसर थर अल्बममधल्या अंधारातसुद्धा आधी उडतो. माझं पहिलीतलं हिरवं परकर-पोलकं आता फोटोत तपकिरी आहे. मला ते हिरवं आठवतं, पोपटी नव्हे, मेथीच्या भाजीसारखं हिरवं. पण किती दिवस आठवेल.

मग मी ठरवलं की मावशींच्या साड्यांचे फोटो नीट यायला लागेपर्यंत दुसरं काही काढायचं नाही. भाद्रपदापासून पौषापर्यंत बहुतेक रविवार तिथंच गेले. पहिली गोष्ट, ट्यूब बंद. आधी मी ट्यूब चालू ठेवून शटरशी खटपट करत होते, आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते, १/२५० सेकंदावर काढलं की एका फोटोत आडवा पट्टा, दुसरा पिवळट, तिसरा हिरवट. १/१०० किंवा १/५० वर ठेवलं की पट्टे जातात, ज्यांना ट्यूबखालीच काढायचंय त्यांनी हे करून बघा. पण साडीचा रंग ट्यूबखाली कळत नाही तो नाहीच कळत. ताडपत्री पावसाळा संपल्याबरोबर दादानं, म्हणजे मावशींच्या मुलानं, सोडली. मग पुढच्या दाराशी, जिथं ऊन थेट पडत नाही पण समोरचं मोकळं आभाळ दिसतं, तिथं लाकडी बाज उभी करून तिच्यावर साडी टाकायची. सकाळी दहा ते साडेअकरा. त्याच्या नंतर समोरच्या घराच्या विटकरी भिंतीवर ऊन येतं आणि तिथून उडून सगळ्या साड्यांवर गेरू फासल्यासारखी छटा चढते. हे पण मला तिसऱ्या रविवारी कळलं. आता मी कुणाच्याही घरी फोटो काढायला गेले की आधी समोरची भिंत बघते.

ग्रे कार्ड घेतलं, १८ टक्क्यांचं. साध्या राखाडी पुठ्ठ्याला एवढे पैसे कशाला असं वाटलं होतं, पण आख्ख्या बॅगेत त्याच्याएवढी उपयोगी वस्तू दुसरी नाही. प्रत्येक साडीचा पहिला फोटो पुठ्ठा पदरावर ठेवून काढायचा, घरी आल्यावर त्या राखाडीवर टिचकी मारली की त्या उजेडातले सगळे फोटो सरळ होतात. त्यासाठी रॉमध्ये, म्हणजे सेन्सरनं मोजलेलं जसंच्या तसं ठेवणाऱ्या फाईलमध्ये, काढावं लागतं, जेपेगमध्ये कॅमेऱ्यानं रंगाचा निकाल आधीच लावून टाकलेला असतो आणि प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्याच उरतात, १४ बिटच्या रॉमध्ये सोळा हजारांवर. दुसरं म्हणजे कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर जगाला मध्यम करडं समजून चालतं. हे मी खरं शिकले किल्ल्यातल्या कमल बस्तीत, १२०४ सालचं ते देऊळ, आत शिरलं की काळ्या दगडाचे घासून चकचकीत केलेले खांब, आणि फोटोत ते सगळे राखेसारखे यायचे, कारण मीटरला वाटतं इतका काळोख म्हणजे उजेड वाढवायला पाहिजे. तिथं दीड स्टॉप खाली आणला (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) तेव्हा दगड काळा झाला. तेच चंद्रकळेला लागू, एक स्टॉप खाली. आणि मोतिया किंवा पांढऱ्याला एक वर, नाहीतर नवी कोरी साडी धुवट दिसते.

लाल सगळ्यात अवघड. राणी, डाळिंबी, कुसुंबी, यांचे फोटो पडद्यावर ठीक दिसतात आणि मोठे केले की धागाच नाही, नुसता रंगाचा लपका. साधा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, सांगतो सगळं ठीक आहे, तिन्ही रंगांचा वेगवेगळा लावला की दिसतं, लालचा डोंगर उजव्या भिंतीला जाऊन आपटलाय. तिथं दोन-तृतीयांश स्टॉप कमी करून काढायचं आणि बाकीचं नंतर उचलायचं. जरीचा मला पोलरायझर फिल्टरनं उपाय होईल असं वाटलं होतं, पाण्यावरची आणि पानांवरची चमक तो घालवतो, पण धातूची चमक त्याला जुमानत नाही. जरीला मोठा आणि मऊ उजेडच लागतो. मावशींची जुनी पांढरी चादर वळणीवर टाकून दाराच्या दुसऱ्या बाजूला धरली तेव्हा काठ पहिल्यांदा सोन्यासारखा आला, तोवर नुसता पांढरा फटफटीत यायचा. बारीक विणीवर इंद्रधनुष्यासारखे नागमोडी पट्टे येतात ते मॉयरे, विणीची जाळी आणि सेन्सरची जाळी एकमेकींवर चढतात म्हणून, अशा वेळी दोन पावलं मागं किंवा पुढं व्हायचं, नाहीतर थोडं तिरकं. ५० ची लेन्स एफ ८ वर, म्हणजे तिचं छिद्र बारीक करून. पूर्ण उघड्या छिद्राच्या एफ १.८ वर मी सुरुवातीला फार प्रेम केलं, मागचं सगळं धूसर, पण पदर बघणाऱ्या बाईला दुसरा काठ पण दिसायला पाहिजे.

दादाचं म्हणणं वेगळं आहे आणि ते मला पूर्ण चूक म्हणता येत नाही. त्याचा नवा मोबाईल आहे, त्यात राणी रंग नुसता पेटतो, मोरपंखी तर काचेसारखा, आणि त्या फोटोंवर पाच मिनिटांत "किंमत?" म्हणून मेसेज येतात. माझ्या फोटोंवर दोन तासांनी. "अक्का, तुझा फोटो खराय, पण थंड हाय गं," असं तो म्हणाला, प्रेमानंच म्हणाला. वर घेणाऱ्या बाईच्या मोबाईलवर रात्रीचा पिवळा मोड चालू असेल तर माझ्या ग्रे कार्डाचा काय उपयोग, हे पण त्याचं बरोबर. चार मागांचं वीजबिल, रेशमाचे भाव, हे त्याला बघायचंय, मला नाही. तरी एक साडी परत येते तेव्हा जाण्यायेण्याचं कुरिअर, सणाचा हुकलेला दिवस आणि त्या बाईचा कायमचा गेलेला विश्वास, हा हिशेब मी अकाउंट्सवाली म्हणून त्याला मांडून दाखवला. त्याला पटला की नाही माहीत नाही, पण आता तो पेटलेला फोटो स्टेटसला लावतो आणि कुणी विचारलं की माझा पाठवतो. मला हे अजून नीट पचलेलं नाही.

आणि एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. परत आलेल्या त्या आमसुली साडीचा फोटो मला चौदांत सगळ्यात आवडला होता तो त्या निळ्यामुळंच.

ताडपत्रीचं निळं होतं ते, आणि मी त्याला माझी नजर समजले.

संक्रांतीच्या आधी मावशींनी तीच साडी पुन्हा काढली. दारात बाजेवर टाकली, पुठ्ठा ठेवला, एक फोटो उजवीकडून, लालच्या बाजूनं, एक डावीकडून, निळ्याच्या बाजूनं. मग मावशींना म्हटलं, घडी हातात धरा आणि हळू फिरवा, आणि दहा सेकंदांचा व्हिडिओ काढला. त्यांची नखं हळदीनं पिवळी, बोटाला कांडीचा घट्टा, आणि त्या बोटांतून रंग असा लालवरून जांभळ्यावर, जांभळ्यावरून निळ्यावर सरकत गेला की मी श्वास धरून होते. त्याच्याबरोबर मावशींनी स्वतःच्या आवाजात निरोप टाकला, "ही आमसुली हाय बघा, उन्हात तांबडी दिसती, सावलीत जांभळी. दोन्ही तिचंच रंग हाईत." तीन दिवसांत गेली, कोल्हापूरला. परत आली नाही.

त्याच आठवड्यात थंडी फार पडली म्हणून आईनं माळ्यावरच्या पेटीतून जुनी वाकळ काढायला सांगितली. आजीनं शिवलेली, कुणाकुणाच्या साड्यांची, धोतरांची, माझ्या त्या परकराची. आई ती अंगावर घेऊन बसली होती आणि एकदम म्हणाली, हे बघ, हे माझ्या लग्नातलं. कोपऱ्याला वीतभर तुकडा, वरून पार विटून पांढुरका गुलाबी झालेला. मी विचारलं, उसवू का? ब्लेडनं चार टाके उसवले आणि आत दुमडलेली कड उलटी केली. पन्नास वर्षं उजेड न बघितलेली बोटभर पट्टी, तिथं रंग जसाच्या तसा. आईनं चष्मा लावला, लांब धरलं, जवळ धरलं. "गुलबक्षीच की." निपाणीला आत्याला फोन लावला तर ती म्हणाली फोटो पाठव, मी सांगते. मी कॅमेरा काढला, पुठ्ठा ठेवला, सगळं केलं, आणि बटण दाबायचं झालं नाही. ट्यूबचा उजेड होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर आईला स्कूटरवर मागं बसवून, वाकळ पिशवीत घालून वडगावला गेले. मावशींनी माग बंद करायला लावले, एकाएकी एवढं शांत झालं की कानात नुसतं घुमत राहिलं. त्या वाकळीचा कोपरा घेऊन दारात गेल्या, आई त्यांच्या शेजारी, दोघींची डोकी जवळजवळ टेकलेली. मावशींनी ती पट्टी अंगठ्यानं चोळली, तिरकी केली, ओठ मिटून बराच वेळ बघितलं, मग समोर आभाळाकडं बघितलं. पावणेसहा झाले होते, विटकरी भिंतीच्या वरच्या टोकाला तेवढं ऊन राहिलं होतं.

"आता ऊन पिवळं झालंय," त्या आईला म्हणाल्या. "उद्या सकाळी ये की गं, धाच्या सुमाराला."

आईनं वाकळ घडी घालून परत पिशवीत भरली.